मंद स्वराचा इतिहास

आपल्या संगीताचा इतिहास लिहिणारांनीं आजवर बहुतेक मोठ्या आवाजाचाच इतिहास लिहिला आहे. अमक्या गवयाचा गळा किती सप्तकांत फिरे, तमक्या नटाची तान नाटकगृहाच्या शेवटच्या बांकापर्यंत कशी पोंचे, ह्या आख्यायिकांनीं आपलीं संगीतविषयक पुस्तकें भरलेलीं आहेत. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु गेल्या नव्वद वर्षांत सुशिक्षित मराठी घरांतून जें गाणें चहा करतांना, केस विंचरतांना, रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं गुणगुणलें गेलें, तें हळू आवाजाचें गाणें आहे. रंगभूमीचें आणि देवळाचें ऋण त्याच्यावर असलें तरी त्याचा जन्म लाखेच्या तबकडीवर झाला. त्याला आपण भावगीत म्हणतों. हा मंद स्वर मराठींत कसा आला, त्यांत यंत्राचा भाग किती व कवितेचा किती, आणि त्याच्यावर नकलीपणाचा जो आरोप नेहमीं होतो तो कितपत खरा, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचें गांव वाशी. धाराशिव जिल्ह्याच्या ह्या भागांत गाण्याचा आवाज मूळचाच उघडा. येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. तेथें आराधी मंडळींना देवीचीं गाणीं संबळाच्या व झांजांच्या कल्लोळावर मात करून म्हणावीं लागतात. गोंधळ्याला अंगणभर बसलेले पाहुणे पहांटेपर्यंत जागे ठेवावयाचे असतात. जात्यावर बसलेल्या बाईलासुद्धां दगडाच्या घरघरीवर ओवी चढवावी लागते. गाणें म्हणजेच मोठ्यानें म्हणणें, अशी माझी बालपणची समजूत होती. आमच्या घरीं आजोबांनीं तरुणपणीं बार्शीहून आणलेली चावीची ग्रामोफोन-पेटी होती. तिच्यावर एकदां एक जुनें भावगीत लागलें असतां मी आजीला म्हणालों, "हा माणूस गातच नाहीं, नुसता बोलतो आहे." आजीनें पिठाचे हात न थांबवितां उत्तर दिलें, "बोलतोय म्हणूनच कळतंय की रं!" पुढें महाविद्यालयांत शिकविण्याच्या निमित्तानें काव्यविषयक पुष्कळ ग्रंथ वाचले, परंतु ह्या विषयावर तिच्या वाक्याहून नेमकें वाक्य मला मिळालें नाहीं.

तिच्या बोलण्याचा अर्थ कळावयास प्रथम यंत्राचा इतिहास पाहिला पाहिजे. १९०२ सालीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान प्रभृति गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या वेळच्या मुद्रणाला विजेचा स्पर्श नव्हता. गायकानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडांत गावयाचें. स्वराच्या धक्क्यानें कर्ण्याच्या अरुंद टोकाशीं असलेला पडदा हाले, आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या थाळीवर रेघ कोरी. हा सारा उद्योग केवळ गळ्याच्या जोरावर चाले. हळू गाणाराची रेघच धड उमटत नसे. शिवाय ह्या कर्ण्याची पकड दर सेकंदास सुमारें २५० पासून २५०० कंपनांपर्यंतच असे. त्यामुळें खर्जाची घनता जाई, आणि स, श, फ ह्यांसारख्या व्यंजनांचा जो सूक्ष्म फूत्कार त्याच्या वरच्या भागांत असतो तोहि जाई. स्वर राही, शब्द झिजे. गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें पुकारी. त्या काळीं तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत, आणि तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें समजावें म्हणून ही योजना होती. आरंभींच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना मला नेहमीं वाटतें कीं, केवळ तें नांवच काय, सारें गाणेंच दूरच्या परक्या माणसाला ऐकूं जावें म्हणून पुकारलेलें आहे.

ह्या पद्धतीचा आपल्या नाट्यसंगीताला फारसा जाच झाला नाहीं, कारण तें मूळचेंच दूर फेंकण्याचें गाणें होतें. एका पदाला रंगभूमीवर वन्समोअर मिळून जेथें अर्धा तास लागावयाचा, तेथें तें दहा इंची तबकडीच्या एका बाजूंत, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगानें, सव्वातीन मिनिटांत आटोपावें लागे, एवढीच काय ती अडचण. मराठी माणसाला सव्वातीन मिनिटांच्या गाण्याची संवय ह्याच पदांनीं लाविली. भावगीताची चौकट अशा रीतीनें आधींच तयार होती; तींत बसावयाचा आवाज मात्र अजून यावयाचा होता.

तो आवाज अमेरिकेंतून आलेल्या एका उपकरणानें शक्य केला. १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें होणारें ध्वनिमुद्रण तेथें प्रचारांत आलें. कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन बसला. आतां जोर वीज पुरवूं लागली, आणि मुद्रणाची पकड सुमारें १०० पासून ५००० कंपनांपर्यंत पसरली. खालच्या अंगाला पुरुषाच्या आवाजाचा खर्ज परत आला. वरच्या अंगाला व्यंजनांची धार आली. गायकानें घेतलेला श्वाससुद्धां ऐकूं येऊं लागला. ह्या यंत्रापुढें हळू गाणारांस तिकडे 'क्रूनर' म्हणूं लागले. शब्द मूळचा स्कॉच वळणाचा. पाळण्याजवळ बसून गुणगुणणें असा त्याचा जुना अर्थ. मराठींत त्याला नेमका प्रतिशब्द नाहीं, परंतु अंगाई म्हणणारी आई डोळ्यांपुढें आणली म्हणजे मूळ कल्पना ध्यानांत येते.

ह्या मंडळींचा मेरुमणि बिंग क्रॉस्बी. १९०३ सालीं त्याचा जन्म झाला आणि १९७७ सालीं तो वारला. त्याच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकणाराला त्यांत गायन असें कांहीं दिसतच नाहीं. गळा सैल, लय सैल, जणुं आरामखुर्चींत बसून एखादा स्नेही कांहीं सांगत आहे. परंतु हा सैलपणा फसवा आहे. कोणता शब्द ठेक्याच्या किंचित् मागें ठेवावयाचा, ओळीचें शेवटचें व्यंजन कोठें मिटावयाचें, श्वास अर्थाच्या कोणत्या सांध्यावर घ्यावयाचा, हें सारें काटेकोर आहे. १९३२ सालच्या ऑक्टोबरांत त्यानें यिप हार्बर्गचे शब्द व जे गॉर्नीची चाल असलेलें एक गाणें मुद्रित केलें. ज्या मजुरानें देशाचे लोहमार्ग बांधले, उंच इमारती उभारल्या, युद्धांत बंदूक खांद्यावर घेतली, तोच आतां मंदीच्या दिवसांत रस्त्यावर एक नाणें मागत आहे, असा त्याचा विषय. हें गाणें गर्जून म्हटलें असतें तर तें सभेंतलें भाषण झालें असतें. क्रॉस्बी तें बव्हंशीं बोलल्यासारखें म्हणतो, आणि ऐकणाराला वाटतें कीं तो मनुष्य आपल्याच दारांत उभा आहे व आपण त्याला ओळखतों.

त्याच्या लोकप्रियतेचें मोजमाप द्यावयाचें तर एक गोष्ट पुरे. अर्व्हिंग बर्लिन हा रशियांतून लहानपणीं आलेला यहुदी रचनाकार. त्याला स्वरलेखन वाचतां येत नसे, आणि तो पियानोच्या बहुधा काळ्या पट्ट्यांवरच चाली बसवी. त्यानें नाताळावर लिहिलेलें 'व्हाइट ख्रिसमस' हें गाणें क्रॉस्बीनें २९ मे १९४२ रोजीं मुद्रित केलें. युद्धावर गेलेल्या शिपायांस तें घराची आठवण म्हणून हवें होतें. त्याच्या इतक्या प्रती निघाल्या कीं मूळचा ठसाच झिजला, आणि १९४७ सालीं जवळजवळ तोच साज जमवून तें पुन्हां गावें लागलें. घरगुती आवाजाला केवढें मोठें घर मिळालें होतें, हें त्यावरून समजावें.

ह्या गायकीवर टीकाहि कडक झाली. १९३२ च्या जानेवारींत बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल ह्यांनीं तिला पुरुषाला न शोभणारें, हीन अभिरुचीचें गाणें म्हणून धिक्कारलें. संगीतज्ञांचा आक्षेप निराळा होता: हे लोक गातच नाहींत, यंत्र गातें. आपल्याकडेहि भावगीताला पुढें हेंच ऐकावें लागलें, म्हणून हा आक्षेप ध्यानांत ठेवून आपण आतां मराठीकडे वळूं.

मराठींत ह्या आवाजाची वाट पाहत असलेली वस्तु म्हणजे कविता. अमेरिकेंतील गाणीं न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावरील प्रकाशकांच्या पेढ्यांत, धंदा म्हणून, नाटकांसाठीं आणि पुढें बोलपटांसाठीं लिहिलीं जात. बत्तीस मात्राखंडांचा ठराविक सांचा. त्यांत कौशल्य दाखवावयाचें. आपल्याकडे असा धंदा नव्हता. ग्वाल्हेरास भा. रा. तांबे आपल्या कवितांच्या माथ्यावर रागांचीं नांवें लिहून ठेवीत होते. म्हणजे गाण्याची अपेक्षा होती, गाणारा नव्हता. १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें आणि त्याच्या कवींनीं आपल्या कविता सभांतून स्वतःच गाऊन दाखविण्यास आरंभ केला. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूचीं फुलें' ह्या १९२५ सालच्या संग्रहानें त्या कवींची यथेच्छ टिंगल केली, तरी एक गोष्ट मंडळानें सिद्ध केलीच: पांढरपेशा मराठी श्रोता ताना ऐकावयास नव्हे, तर कविता ऐकावयास जमतो.

कविता होती, श्रोता होता, आणि यंत्रहि लौकरच हिंदुस्थानांत आलें. ह्या तिघांची गांठ घालणारा मनुष्य वऱ्हाड-नागपुराकडून आला. जी. एन्. जोशी (१९०९–१९९४) हे शिक्षणानें वकील. त्यांनीं मेहकरच्या ना. घ. देशपांडे ह्यांची, तेहि पेशानें वकीलच, 'शीळ' ही कविता स्वतः चाल लावून गाइली. तिची ध्वनिमुद्रिका १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच निघाली. मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः ह्याच तबकडीपासून धरतात. तिच्यांत आलाप बेताचे आहेत, तानांचा सोस नाहीं. रानांतून येणारी एक शीळ आणि ती ऐकून घरांत चित्त न ठरणारी एक तरुणी, एवढाच प्रसंग. तो सांगणारा आवाज ऐकणाराच्या शेजारीं बसून सांगतो. कवितेचें नांवच ज्या व्यंजनानें आरंभ होतें, तें 'श' जुन्या कर्ण्याला धड पकडतां आलें नसतें. ही कविता अगदीं योग्य वेळीं तबकडीवर आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणखी एक वर्ष ध्यानांत घेण्यासारखें आहे. देशपांड्यांचा 'शीळ' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ सालीं. म्हणजे ध्वनिमुद्रिकेनंतर वीसएक वर्षांनीं. कवि पुस्तकानें घरोघर जावा आणि मग त्याचीं गाणीं व्हावीं, हा नेहमींचा क्रम येथें उलटला. जोश्यांनीं स्वतःबरोबर दुसऱ्यांचेहि गळे ह्या नव्या रीतीकडे वळविले. हुबळीच्या गंगूबाई हनगल ह्यांनीं 'गांधारी' ह्या नांवानें त्यांच्यासह मराठी भावगीतें गाइलीं, ही गोष्ट ज्यांना गंगूबाईंचा पुढचा धीरगंभीर ख्यालच ठाऊक आहे त्यांना खरी वाटणार नाहीं. १९३८ सालीं जोशी हिज मास्टर्स व्हॉइसच्या नोकरींत गेले. पहिल्या भावगीतगायकानें पुढील आयुष्य दुसऱ्यांचे आवाज टिपण्यांत घालविलें; संतूर, बांसरी व गिटार ह्यांची १९६७ सालची विख्यात मुद्रिका 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांच्याच देखरेखीखालीं झाली.

आतां त्या आक्षेपाकडे. यंत्र गातें, गायक गात नाहीं, हें खरें काय? मायक्रोफोन गायकाला जोराच्या श्रमांतून सोडवितो हें कबूल. परंतु त्याच क्षणीं त्याचें पांघरूणहि काढून घेतो. मोठ्या तानेच्या प्रवाहांत शब्दाचा एखादा चुकीचा उच्चार वाहून जातो. मंद स्वरांत तो उघडा पडतो. ऱ्हस्वदीर्घ बिघडलें, जोडाक्षर तुटलें, भावनेचा आव आणला, कीं तबकडी तें दर वेळीं तसेंच ऐकविते. खोटेपणा लपवावयास जागा नाहीं, म्हणून ह्या गाण्याला गळ्याइतकीच कवितेची समज लागते. भावगीतांत पोकळ व गोडगोड माल पुष्कळ निघाला ह्याबद्दल वाद नाहीं. परंतु तो पोकळ आहे हें आपल्याला लगेच कळतें, तें ह्या यंत्राच्या निर्दयपणामुळेंच.

गजाननराव वाटवे (१९१७–२००९) ह्यांचें उदाहरण येथें अधिक बोलकें आहे. त्यांनीं हें शेजारीं बसून सांगण्याचें गाणें गणेशोत्सवाच्या चौकांत नेलें. हार्मोनियम स्वतः वाजवावयाची, पुढें मायक्रोफोन, आणि समोर हजारोंचा जमाव. चौकांतील गाणें म्हणजे मेळ्याचें, पोवाड्याचें, खड्या सुराचें, ही रूढि त्यांनीं मोडली. कर्णा आतां उलट्या बाजूनें बसला होता: पूर्वीं गायक त्याच्या तोंडांत ओरडे, आतां त्याच्या तोंडांतून कुजबूज बाहेर पडे. हजार माणसांतल्या प्रत्येकाला ती आपल्यापुरती वाटे.

येथवरचीं नांवें वाचतांना एक गोष्ट वाचकांच्या लक्षांत आली असेल. तांबे ग्वाल्हेरचे, देशपांडे मेहकरचे, जोशी नागपुराकडचे, गांधारी हुबळीच्या, वाटवे मूळ बेळगांवचे. आणि ह्याच परंपरेंत मोठें नांव मिळविलेल्या ज्योत्स्ना भोळे जन्मानें गोव्याच्या. ह्या गाण्याला पुण्यामुंबईनें बाजारपेठ दिली, पण त्याचे गळे व त्याचे कवि मराठी मुलखाच्या कडेकडेनें आले. हा मुलूख तेव्हां एक नव्हता. कांहीं भाग मुंबई इलाख्यांत, कांहीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत, कांहीं संस्थानांत, गोवा पोर्तुगीजांकडे, आणि आमचा मराठवाडा निजामाकडे.

ही शेवटची गोष्ट आमच्या घरापुरती केवळ भूगोलाची नव्हती. वाशी निजामाच्या राज्यांत आणि बार्शी इंग्रजांच्या. मधें थोडे कोस. राज्याची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचें. आजोबांची सारी शाळा उर्दूंत झाली. शेर त्यांना शेंकड्यांनीं पाठ होते आणि त्यांवर त्यांचें मनापासून प्रेमहि होतें. परंतु आपल्या भाषेंतली आजची कविता कशी असते हें त्यांना कोणीं शिकविलें नव्हतें. आजीला तर अक्षरओळखच नव्हती. ह्या दोघांना मराठीचे हयात कवि भेटले ते पुस्तकांतून नव्हे. बार्शीच्या बाजारांतून, ज्वारी विकून परततांना बैलगाडींत कडब्याच्या पेंढींत जपून ठेवलेल्या तबकड्यांवाटे ते आमच्या ओसरीवर आले. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपलें, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. भाषेचें हें राज्य आमच्या घरांत त्यापूर्वींच येऊन बसलें होतें. म्हणून भावगीत म्हणजे फुरसतीची चैन असें कोणी म्हटलें कीं मला थोडा रागच येतो.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे. पुणें आकाशवाणी १९५३ सालीं सुरू झाली, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून ग. दि. माडगूळकरांचें व सुधीर फडक्यांचें 'गीतरामायण' तेथून वर्षभर आठवड्याला एक ह्या क्रमानें ऐकविलें गेलें. एकूण गीतें ५६. पूर्वीं कवितेला मायक्रोफोन शोधावा लागला, आतां मायक्रोफोनसाठीं काव्य लिहिलें जाऊं लागलें. त्यानंतर १९६२-६३ च्या सुमारास मंगेश पाडगांवकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते ह्यांचें 'शुक्रतारा' आलें. दाते (१९३४–२०१८) हे इंदूरचे, शिक्षणानें वस्त्रोद्योगाचे अभियंते. सुधा मल्होत्रा ह्यांच्यासह गाइलेल्या ह्या गीतांत त्यांचा आवाज इतका हळू आहे कीं, क्रॉस्बीच्या जातीचा मराठी गायक कोणता असें विचारल्यास मी त्यांचेंच नांव घेईन. ऐकणाराला आपल्या बैठकींतला मनुष्य समजण्याचा तोच विश्वास. फरक इतकाच कीं, दात्यांच्या गाण्यामागें कवितेची एक जुनी, स्वतंत्र परंपरा उभी आहे.

ह्या लाभाची किंमतहि आपण दिली आहे, ती लपवूं नये. ध्वनिमुद्रिकेनें कवितेला एकच चाल कायमची चिकटविली. 'शीळ' आज कोणालाहि मनांत नुसती वाचतां येत नाहीं, ती गाइलीच जाते. सव्वातीन मिनिटांत मावणारी, चंद्रप्रकाशाची व विरहाची कविता पुढें आली. लांब, खडबडीत, विचार करावयास लावणारी मागें पडली. आणि ज्या आवाजाकडे यंत्र वळलें नाहीं तो आवाज गेला. माझ्या आजीच्या ओव्या कोणत्याहि तबकडीवर नाहींत.

तिच्याच एका आठवणीनें हा लेख पुरा करतों. गांवांत पिठाची गिरणी आल्यावरहि ती पुरणाची डाळ भरडावयास जात्यावर बसे. एकदां पहांटे मी जागा झालों तों ती त्या तबकडीवरचें, वकिलांनीं लिहिलेलें आणि वकिलांनीं गाइलेलें गाणें म्हणत होती. चाल जात्याच्या फेऱ्याप्रमाणें वळलेली, आवाज दगडाच्या वर चढविलेला, मधलें एक कडवें विसरून त्या जागीं तिची स्वतःची ओवी बसलेली. मंद स्वराचें गाणें पुन्हां उघड्या आवाजांत गेलें होतें. शब्द मात्र सगळे नीट कळत होते.